‘बाहेर टाकणे’: नव्या करारातील एका क्रियापदाचा अर्थ आणि त्याचा उपयोग

कापणीच्या सणाच्या रविवारी आपल्या पुष्कळ मंडळ्यांतून मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनांवर प्रवचन होते. पीक विपुल आहे, कामकऱ्यांचा तुटवडा आहे, म्हणून पिकाच्या धन्याकडे कामकऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असा त्या वचनांचा आशय सर्वांच्या परिचयाचा आहे. अलीकडे मात्र या प्रवचनांत एक विधान वारंवार आमच्या कानी पडते. आपल्या मराठी भाषांतरात येथे ‘पाठवणे’ हे क्रियापद असले तरी मूळ ग्रीकात ‘एकबाल्लो’ असे आहे, आणि त्याचा ‘खरा’ अर्थ धक्के मारून हाकलून देणे असा आहे, असे उपदेशक सांगतात. त्यावरून पुढे निष्कर्ष निघतो की, ज्याला सेवेसाठी दुसरीकडे जाण्याचा हुकूम होईल त्याने तोंडातून शब्द न काढता निघावे. कारण देव आपल्या कामकऱ्यांना विचारीत नाही, लोटून देतो.

या विधानात थोडे सत्य आहे आणि बराच अपसमज आहे. सत्य एवढेच की क्रियापद ‘एकबाल्लो’ हेच आहे. अपसमज असा की शब्दाच्या मुळात जो जोर दिसतो तो त्याच्या प्रत्येक उपयोगात असलाच पाहिजे. प्रस्तुत लेखात या क्रियापदाच्या उपयोगांची आम्ही थोडी छाननी करणार आहो. विषय व्याकरणाचा दिसतो, पण तो तेथेच थांबत नाही. हेच क्रियापद भुते घालवण्याविषयी येते, मेंढपाळ आपली मेंढरे बाहेर काढतो त्याविषयी येते, आणि एका मंडळीतून माणसांना काढून टाकण्यात आले त्याविषयीही येते. तेव्हा त्याचा अर्थ आपण कसा लावतो यावर आपल्या हातून कोण बाहेर घातला जातो हे पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

प्रथम शब्दाचे स्वरूप पाहू. ‘बाल्लो’ म्हणजे टाकणे, फेकणे, घालणे. ‘एक्’ या उपसर्गाचा अर्थ ‘मधून बाहेर’. मार्काच्या शेवटच्या वादग्रस्त वचनांसह हिशेब केला तर नव्या करारात हे क्रियापद ८१ वेळा आले आहे. त्यांपैकी ७२ वेळा चार शुभवर्तमानांत, ५ वेळा प्रेषितांच्या कृत्यांत, आणि गलतीकरांस पत्र, याकोब, योहानाचे तिसरे पत्र व प्रकटीकरण यांत प्रत्येकी एकदा. पौलाच्या इतक्या पत्रांत ते एकदाच यावे आणि तेही जुन्या करारातील उताऱ्यात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा विचार पुढे करू.

शुभवर्तमानकारांना हा शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातून चांगला ओळखीचा होता. तेथे तो बहुधा ‘गारश’ या इब्री क्रियापदाबद्दल येतो. एदेन बागेतून आदामाला बाहेर घालवले तेथे हाच शब्द आहे. काइन आपल्या शिक्षेविषयी देवाजवळ गाऱ्हाणे करतो तेथे हाच. सारा हागारेला व तिच्या मुलाला घालवून देण्यास सांगते तेथेही हाच. मिसर देशातून इस्राएल लोक निघाले, त्या प्रसंगीही मिसरी लोकांनी त्यांना बाहेर घालवले असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायात याच शब्दाने सांगितले आहे. म्हणजे मानवाचा पहिला वनवास आणि देवाच्या प्रजेची सुटका या दोन्ही घटना एकाच क्रियापदाने वर्णिल्या गेल्या. आणखी एक उपयोग आपल्या ध्यानात राहावा. लेवीयाच्या एकविसाव्या अध्यायात याजकाने कोणत्या स्त्रीशी विवाह करू नये हे सांगताना नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला जो शब्द वापरला आहे तो याच धातूपासून झालेला आहे. आपल्या मराठीत अशा स्त्रीला गावोगाव ‘टाकलेली’ म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द निवडावा, यात मानवी समाजाच्या व्यवहाराविषयी बरेच काही आले.

आता शब्दाच्या मुळातील जोर प्रत्येक ठिकाणी असतोच काय, या प्रश्नाकडे वळू. लूकाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्य उतारशाळेच्या रखवालदाराला देण्यासाठी दोन दीनार काढतो. तेथे ‘एकबाल्लो’ आहे. त्याने ती नाणी रखवालदाराच्या तोंडावर फेकली असे कोणी म्हणणार नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याचा शिष्य झालेला शास्त्री आपल्या भांडारातून नवे व जुने काढतो. तेथेही हाच शब्द आहे, आणि जपून ठेवलेले धन तो गल्लीत भिरकावीत नाही. बाराव्या अध्यायातील चांगला मनुष्य आपल्या चांगल्या साठ्यातून चांगले काढतो. त्याच प्रकारचे वचन लूकाने सहाव्या अध्यायात दिले आहे, पण तेथे त्याने ‘पुढे आणणे’ अशा अर्थाचे साधे क्रियापद वापरले आहे. याकोबाच्या पत्रात राहाब हेरांना दुसऱ्या वाटेने बाहेर लावून देते. ती त्यांचा जीव वाचवीत आहे, त्यांना हाकलीत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजण्यास परदेशी ग्रंथांची गरज नाही. आपले ‘काढणे’ हे क्रियापदच घ्यावे. आपण पायातला काटा काढतो, शेतातले पीक काढतो, दारात रांगोळी काढतो, मंडळीसाठी वर्गणी काढतो, मृताची आठवण काढतो, हलाखीत दिवस काढतो, आणि कोणाला घराबाहेरही काढतो. पुरात सापडलेल्या घरातून म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर काढतात, आणि भांडण झाले म्हणजे सुनेला हाताला धरून बाहेर काढतात. शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात प्राण वाचतो, दुसऱ्यात संसार मोडतो. ‘आठवण काढणे’ यात काटा उपसण्याची वेदना दडलेली आहे, असे व्याख्यान कोणी देऊ लागला तर आपण हसू. ग्रीकाविषयी तसेच व्याख्यान आपण मुकाट्याने ऐकून घेतो, याचे कारण एवढेच की ती भाषा आपल्या घरात बोलली जात नाही.

जेम्स बार यांनी पवित्र शास्त्रातील भाषेच्या अर्थविचारावरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात या दोषावर नेमके बोट ठेवले. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत नव्हे तर त्याच्या वापरात, वाक्यात व प्रसंगात शोधावा, हे त्यांचे प्रतिपादन आता धर्मशास्त्राच्या वर्गांत सर्वत्र शिकवले जाते. असे असूनही व्यासपीठावर व्युत्पत्तीचा मोह सुटत नाही. शब्दकोशातील पहिला अर्थ हाच ‘मूळ’, म्हणून ‘खरा’, असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

तथापि या दोषाच्या विरुद्ध बाजूला दुसरा दोष आहे, आणि तो भाषांतरकारांकडून अधिक होतो. शब्दाचा जोर सर्वत्र नसतो, यावरून तो कोठेच नसतो असे ठरत नाही. मार्काचा पहिला अध्याय याचे उत्तम उदाहरण होय. बाप्तिस्म्यानंतर लगेच आत्म्याने येशूला अरण्यात नेल्याचा प्रसंग मत्तय, मार्क व लूक या तिघांनीही सांगितला आहे. मत्तय व लूक येथे ‘नेणे’ या अर्थाची सौम्य क्रियापदे वापरतात. मार्क मात्र ‘एकबाल्लो’ वापरतो. मार्काचे लिखाण या दोघांच्या पुढे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्यांना हा शब्द या जागी अवघड वाटला, असा तर्क करणे गैर होणार नाही. त्याच अध्यायात मार्काने हे क्रियापद आणखी तीनदा योजले आहे: दोनदा भुते काढण्याविषयी आणि एकदा बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला येशूने बाहेर लावून दिले त्याविषयी. एकाच अध्यायात चार वेळा आलेला शब्द श्रोत्यांच्या कानात घुमत राहतो. भुतांना घालवणारा जो आहे त्याला स्वतःलाच आधी आत्म्याने घालवले, हे मार्काला सांगावयाचे आहे. येथे ‘नेले’ किंवा ‘पाठवले’ असे भाषांतर केले तर अर्थाची हानी होते. ‘घालवले’ किंवा ‘लोटले’ हेच येथे योग्य होय.

तर मग कसोटी कोणती? आमच्या मते प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारावेत. बाहेर घालणारा कोण? कोणाला घालतो? कोठून घालतो? आणि बाहेर त्या माणसाचे काय होते, तेथे त्याला कोण भेटतो? यांतला चौथा प्रश्न कोशात नसतो. म्हणून आपण तो विचारण्याचे विसरतो. परंतु शुभवर्तमानांचा मुख्य भर त्याच्यावरच आहे असे आम्हांस दिसून आले आहे.

ही कसोटी प्रथम कापणीच्या वचनाला लावू. बाहेर घालणारा पिकाचा धनी आहे. मंडळीची समिती नव्हे, मिशन नव्हे, वरिष्ठ पाळकही नव्हे. शिष्यांना सांगितले आहे ते इतरांना लोटण्यास नव्हे, तर प्रार्थना करण्यास. आणि पुढच्याच अध्यायात ज्यांनी प्रार्थना करावयाची तेच पाठवले जातात. पाठवण्यासाठी मत्तयाजवळ ‘अपोस्तेल्लो’ हे नेहमीचे क्रियापद होते, आणि दहाव्या अध्यायात बारा जणांना पाठवताना त्याने ते वापरलेही आहे. असे असता येथे ‘एकबाल्लो’ घालण्यात काही विशेष आहे हे मान्य केले पाहिजे. ‘पाठवणे’ या भाषांतरात ते थोडे निसटते. पण तो विशेष तातडीचा आहे, मारहाणीचा नव्हे. पीक उभे असताना घरात बसून राहिलेल्या गड्यांना धनी शेतावर काढतो, हे चित्र कोणाही शेतकऱ्याला समजेल. त्यातही धन्याला ज्यांची दया आली ते थकलेले, मेंढपाळ नसलेले लोक आधीच्या वचनात उभे आहेत. त्यांच्यासाठी ही लगबग आहे. म्हणून या वचनाच्या आधाराने एखाद्या धर्मशिक्षकाला, त्याच्या घरच्या आजारपणाची किंवा मुलांच्या शिक्षणाची चौकशी न करता, हलवण्याचे समर्थन करणे म्हणजे धन्याचा अधिकार चाकराने बळकावणे होय.

आता योहानाच्या शुभवर्तमानाकडे वळू. तेथे हे क्रियापद अवघे सहा वेळा आले आहे, आणि त्या सहांचा क्रम मोठा बोलका आहे. पहिल्यांदा दुसऱ्या अध्यायात येशू मंदिरातून विक्री करणाऱ्यांना बाहेर घालवतो. दुसऱ्यांदा सहाव्या अध्यायात, जो कोणी त्याच्याकडे येतो त्याला तो कदापि बाहेर घालवणार नाही, असे अभिवचन तो देतो. तिसऱ्या व चौथ्यांदा नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची हकीकत येते. पाचव्यांदा दहाव्या अध्यायात मेंढपाळ आपली सर्व मेंढरे बाहेर काढतो. सहाव्यांदा बाराव्या अध्यायात या जगाचा अधिपती बाहेर टाकला जाईल असे येशू सांगतो, आणि लागलीच सर्वांना आपणाकडे ओढून घेण्याविषयी बोलतो.

यांतील नवव्या व दहाव्या अध्यायांचा संबंध आपल्या वाचनात बहुधा तुटतो, कारण अध्यायांची विभागणी मध्ये येते. ती विभागणी योहानाची नव्हे; ती तेराव्या शतकातील आहे. ती बाजूला ठेवून वाचावे. दृष्टी आलेला तो माणूस पुढाऱ्यांसमोर सत्य बोलतो, आणि ते त्याला बाहेर घालवतात. त्याचे आईबापही सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने त्याच्या बाजूने बोललेले नाहीत. त्याला बाहेर घातल्याचे येशूच्या कानी येते. तो त्याला गाठतो, आणि त्या भेटीत तो माणूस विश्वास ठेवून त्याला नमन करतो. मग थोड्याच वचनांनंतर मेंढपाळाचा दृष्टान्त येतो. मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो व बाहेर नेतो, येथे प्रथम साधे क्रियापद आहे. पुढच्या वचनात तो आपली सगळी मेंढरे बाहेर काढल्यावर त्यांच्यापुढे चालतो असे सांगताना योहान तेच क्रियापद घालतो, जे पुढाऱ्यांच्या कृत्याबद्दल त्याने नुकतेच दोनदा वापरले होते. दृष्टान्तानंतरच्या चर्चेत आंधळ्याच्या डोळ्यांचा उल्लेख पुन्हा येतो, म्हणजे तो माणूस लेखकाच्या मनातून गेलेला नाही. ज्याला पुढाऱ्यांनी टाकले त्याला मेंढपाळाने काढून आणले, असा हा अर्थ आहे. एकाच घटनेला दोन कर्ते आहेत, आणि कर्ता बदलताच शब्दाचा अर्थ बदलतो. एका बाजूने ती हकालपट्टी आहे, दुसऱ्या बाजूने सुटका.

भाषांतरकाराची येथे खरी अडचण आहे. नवव्या अध्यायात ‘घालवले’ आणि दहाव्यात ‘काढले’ असे लिहिले तर दोन्ही वाक्ये मराठीत नीट बसतात, पण त्यांतील दुवा नाहीसा होतो. दोन्हीकडे ‘घालवले’ म्हटले तर मेंढपाळ निर्दय ठरतो. ‘बाहेर काढले’ हा शब्दप्रयोग दोन्हीकडे चालू शकतो, असे आम्हांस वाटते. कारण वर दाखवल्याप्रमाणे मराठीत तो दोन्ही दिशांना वळतो. जेथे भाषांतराने हे साधलेले नाही तेथे पाळकाने ते शब्द एकमेकांशेजारी ठेवून दाखवावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. येशू स्वतःही माणसांना बाहेर घालवतो आणि बाहेरच्या अंधाराविषयी इशारे देतो, त्याचे काय? ही वचने आपण टाळू नयेत. मत्तयात बाहेरच्या अंधाराचा उल्लेख आठव्या, बाविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांत येतो. पण तेथे बाहेर घातले जाणारे कोण आहेत? पहिल्या ठिकाणी राज्याचे पुत्र, आणि तेही एका परराष्ट्रीय शतपतीचा विश्वास पाहून येशू बोलत असताना. दुसऱ्या ठिकाणी मेजवानीत येऊन बसलेला पाहुणा. तिसऱ्या ठिकाणी घरचाच दास. म्हणजे इशारा आत बसलेल्यांना आहे, बाहेरच्यांविषयी नाही. शिवाय तो न्याय राजाच्या हाती आहे. निदणाच्या दृष्टान्तात दासांनी आपण होऊन उपटण्याची परवानगी मागितली, तेव्हा धन्याने ती दिली नाही, हे त्याच शुभवर्तमानात सांगितले आहे.

कुष्ठरोग्याच्या प्रसंगी येशूने त्याला ताकीद देऊन बाहेर लावले हेही खरे. पण कोठे लावले? याजकाकडे, म्हणजे ज्या समाजाने त्याला गावाबाहेर ठेवले होते त्याच समाजात परत येण्याच्या वाटेवर. आणि हे त्याला स्पर्श केल्यानंतर. याइराच्या घरी त्याने रडणाऱ्यांना बाहेर घालवले, प्रेषित पेत्रानेही टबीथेच्या खोलीतून सर्वांना बाहेर घालवले. दोन्ही ठिकाणी मेलेल्याला उठवण्यासाठी जागा मोकळी केली गेली, आणि उठलेल्याला पुन्हा आप्तांच्या हाती दिले गेले. भुतांविषयी तर सांगणेच नको. भूत बाहेर जाते ते यासाठी की माणूस आत यावा. गरसेकरांच्या प्रदेशातील, कबरांत राहणारा तो माणूस शेवटी आपल्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवला जातो. भूत काढण्याच्या नावाखाली जेथे आजारी माणसालाच कोंडतात, मारतात किंवा घराबाहेर ठेवतात, तेथे क्रियापदाचे कर्मच बदललेले असते.

उलट येशू स्वतः या क्रियापदाचे कर्म कोठे होतो हे पाहिले तर चित्र पुरे होते. आरंभी आत्मा त्याला अरण्यात घालवतो. लूकाच्या चौथ्या अध्यायात नासरेथकर त्याला सभास्थानातून उठून गावाबाहेर घालवतात. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात माळी धन्याच्या पुत्राला मळ्याबाहेर टाकतात. मार्काच्या सांगण्यात मारून मग बाहेर टाकतात, तर मत्तय व लूक यांच्या सांगण्यात आधी बाहेर टाकून मग मारतात. हा क्रम बदलण्याचे कारण येशू वेशीबाहेर मारला गेला हे असावे, असे अनेक टीकाकारांनी सुचवले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. स्तेफनालाही नगराबाहेर घालवूनच धोंडमार केला गेला. तेव्हा बाहेर टाकलेल्या माणसाला बाहेर कोण भेटेल, या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानाने देऊन ठेवले आहे.

आता मंडळीच्या शिस्तीचा प्रश्न. शिस्त नसावी असे आमचे म्हणणे नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तिची पायरीपायरीची रीत आहे, आणि करिंथ येथील एका उघड पापाविषयी पौलाने कठोर आज्ञा दिली आहे. परंतु पौलाची ती आज्ञा या क्रियापदाने दिलेली नाही. त्याने दुसरा शब्द वापरला आहे. त्याच्या लेखणीतून ‘एकबाल्लो’ एकदाच उतरले, आणि तेही सारेच्या तोंडचे शब्द गलतीकरांपुढे ठेवताना. तेथे तो खोट्या शिक्षकांविषयी सुचवीत असावा असे काही टीकाकार मानतात. पण ज्या हागारेला घालवून दिले तिचा व तिच्या मुलाचा आक्रोश देवाने अरण्यात ऐकला, हे त्याच उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात लिहिले आहे. संपूर्ण नव्या करारात ‘मंडळीतून’ आणि ‘एकबाल्लो’ हे दोन शब्द जोडून एकाच जागी येतात: योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या दहाव्या वचनात. तेथे दियत्रेफेस प्रवासी बंधूंचा स्वीकार करीत नाही, आणि जे स्वीकार करू पाहतात त्यांना मंडळीतून घालवतो. ते त्याचे शौर्य म्हणून नव्हे, तर अपराध म्हणून नोंदले आहे. मंडळीतून माणसाला बाहेर टाकणारा म्हणून ज्याचे एकट्याचे नाव शास्त्राने या शब्दासह जपले, तो पहिला मान मिळवण्याची आवड असलेला मनुष्य होता.

हे लिहिण्याचे आम्हांस विशेष कारण आहे. मराठी समाजाला ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग शिकवावा लागत नाही. पाणवठा बंद, पंगत बंद, सोयरीक बंद, तिरडीला खांदाही बंद, असा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मंडळ्यांच्या पहिल्या पिढ्यांनी तो अंगावर सोसला. १८३१ साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ साली. ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या माणसाचे घरदार, आप्त व जात यांच्याशी असलेले बंध कसे तुटत, हे त्या काळच्या आत्मचरित्रांतून आपल्याला वाचावयास मिळते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली त्याला त्या ताटातुटीची यातना वेगळी सांगावयास नको. टाकलेल्यांना मेंढपाळ भेटला, त्यातून आपल्या मंडळ्या उभ्या राहिल्या.

त्याच मंडळ्यांनी वाळीत टाकण्याची रीत आपल्या आत आणावी, हे कसे? जातीबाहेर विवाह केला म्हणून, जमिनीच्या किंवा निवडणुकीच्या तंट्यात पुढाऱ्यांविरुद्ध बोलला म्हणून, नवऱ्याने टाकली म्हणून एखाद्याचे नाव यादीतून काढले जाते, प्रभुभोजनात त्याला वगळले जाते, कधी दफनभूमीतील जागाही नाकारली जाते. असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. कोणत्याही एका मंडळीवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. कायद्यानेही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. बेळगाव जेव्हा मुंबई प्रांतात होते तेव्हा, १९४९ साली, तेथे धार्मिक बहिष्काराला बंदी करणारा कायदा झाला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मसंप्रदायाच्या हक्कांच्या आधारे रद्द ठरवला. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. न्यायालयाने संप्रदायाचा अधिकार मानला ही गोष्ट वेगळी, आणि तो अधिकार ख्रिस्ताच्या मंडळीने कसा वापरावा ही गोष्ट वेगळी. कायद्याने मुभा दिली म्हणून कृत्य शुभवर्तमानानुसार होत नाही.

शेवटी पाळकांना व धर्मशिक्षकांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ‘मूळ ग्रीकात असे आहे’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्या शब्दाचे निदान पाच-सहा इतर उपयोग काढून पाहावेत. शब्दसूची हाती असली म्हणजे हे काम तासाभराचे आहे. दुसरी, मराठीत एकच प्रतिशब्द सर्वत्र ठोकून बसवू नये. भुतांना ‘घालवणे’, भांडारातून ‘काढणे’, अरण्यात ‘लोटणे’, शेतावर ‘काढणे’, अंधारात ‘टाकणे’, असा भेद आपली भाषा सहज करते. मात्र जेथे लेखकाने मुद्दाम एकच शब्द दोनदा ठेवला आहे तेथे तो दुवा श्रोत्यांना दाखवावा. तिसरी, कोणाचे नाव मंडळीतून कमी करण्याचा ठराव पुढे येईल तेव्हा मत्तयाच्या सातव्या अध्यायातील डोळ्यातल्या मुसळाचे वचन प्रथम वाचावे. तेथे हे क्रियापद लागोपाठ तीनदा आले आहे, आणि येशूच्या आज्ञेप्रमाणे पहिले काढणे आपल्याच डोळ्यातले आहे.

आणि ठराव झालाच, तरी त्या संध्याकाळी पाळकाने त्या माणसाच्या घरी जावे. जन्मांधाला बाहेर घातल्याचे ऐकून येशू त्याला शोधावयास गेला. आपण न गेलो तर तो तेथे जाईलच. मात्र त्या वेळी आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, हा प्रश्न आपल्यापुढे राहील.